बाबांची शुगर

बाबांना ठाम वाटायचं की त्यांची शुगर मला वारशात मिळणार.

आणि मी दत्तक.

हे काही गुपित नव्हतं. मी कळती झाले तेव्हाच आई-बाबांनी समोर बसवून सांगितलं होतं. शहराबाहेर वाडीला बाबांचं ट्रान्सपोर्टचं गोडाऊन होतं, तिथल्या ड्रायव्हर लोकांनाही माहीत होतं. मला घरी आणलं त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली होती ना!

मी दहावीत असताना एका लग्नात आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "कितीही कर गा दादा, शेवटी परकंच रक्त ते."

बाबा मान खाली घालून जेवत राहिले.
मी मात्र ताट तसंच ठेवून उठले.

पुढच्या रविवारी सकाळी बाबांनी शुगर तपासायचं मशीन काढलं. स्वतःचं बोट टोचलं. मग सुई बदलून मला म्हणाले, "आण वं बोट इकडे."

"मले काहून?"

"आपल्या घरात शुगर आहे. माह्या मायले होती, मले आहे. तुहीपण पाहावी लागन."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तुमची शुगर तिच्यात कुठून येईन?"

"काहून नाही येईन? पोरगी कोणाची आहे?"

आईने कपाळावर हात मारून घेतला.

तेव्हापासून दर रविवारी पोह्यांच्या आधी हा कार्यक्रम. आधी त्यांचं बोट, मग माझं. नॉर्मल आली की बाबा खूश.
आणि खरं सांगू? किंचित नाराजसुद्धा.

दिवाळीत माझ्या वाट्याला अर्धीच करंजी. लग्न झाल्यावर रविवारचा फोन ठरलेला. "तपासली का?"

बाबा भोळे होते की पक्के, मला शेवटपर्यंत कळलं नाही.
पण त्या रविवारांनी आत्याचं बोलणं माझ्या मनातून काढून टाकलं. जवळजवळ.

जवळजवळ म्हणते, कारण कुठल्याही डॉक्टरने "फॅमिली हिस्ट्री?" विचारलं की मी म्हणायचे, "माहीत नाही, मी दत्तक आहे."
खरंच होतं ते. तरी बाहेर पडताना बाबांशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं.

गेल्या आठवड्यात माझे रिपोर्ट आले. शुगर वाढलेली. आई सोबत होती. डॉक्टर नवीन, तरुण मुलगी. तिने विचारलं, "घरात कुणाला शुगर?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

त्याआधी आईच बोलली. याच गोष्टीवरून बाबांना जन्मभर वेड्यात काढणारी माझी आई.

"हिच्या बाबाले होती ना. आजीलेही होती."

"मग येणारच," डॉक्टर म्हणाली आणि गोळ्या लिहायला लागली.

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. पदराने चष्मा पुसत बसली. मी तिथेच रडले. डॉक्टरला वाटलं, शुगरला घाबरले.

बाबा, आली हो शेवटी.
तुमचीच आहे.

फोटोपुढे संत्रा बर्फी ठेवली आहे. आज तुम्हाला अख्खी वडी, मला अर्धी.

मनापासून नमस्कार, बाबा.