पांढऱ्या पडद्यातली पिंजर

पिक्चरअण्णांना इंग्रजीचं एक अक्षर येत नसे, पण इंग्रजी माहितीपट ते असे समजावून सांगत की जणू स्वतःच काढून आणलेत. पशुवैद्यकीय खात्याच्या जीपमधून प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा घेऊन ते निपाणीपासून जांबोटीपर्यंत गावोगाव फिरायचे. पिक्चरचा आवाज बंद करून पडद्याशेजारी उभे राहायचे आणि गाव बघून कन्नडात नाहीतर मराठीत बोलायचे. त्यांचं खरं नाव कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी जांबोटीकडे जनावरांची डॉक्टर म्हणून नवीनच रुजू झाले होते. तिथल्या एका गावी, शाळेच्या खिडक्यांना घोंगडी लावून, भरदुपारी त्यांनी आपला लाडका पिक्चर दाखवला. कुठल्याशा थंड देशात वादळात अडकलेली गुरं, आणि त्यांना वरून चारा टाकणारी विमानं.

"ह्यो बर्फ. म्हंजे पाऊसच, पर जागेवर बसलेला. गुरांस्नी खायाला काडी न्हाय. आता वर बघा!"

गवताचे भारे पडू लागले तशा टाळ्या झाल्या. दोन म्हशींच्या दुधावर घर चालवणाऱ्या तानाक्कानं मागून विचारलं, "आमच्या म्हशींस्नी इमान कोण धाडतंय रं?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "त्ये मला म्हाईत न्हाय, आक्का," एवढंच म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात त्याच गावची चौदा जनावरं नदीच्या पुरात एका टेकावर अडकली. तानाक्काच्या दोन्ही म्हशी त्यांत होत्या. सोबत गुराखी सिदाप्पा. मी पोचले तो तिसरा दिवस. टेकावर गवताचं पातं उरलं नव्हतं आणि एक गाय खाली बसली होती. पिंजरीच्या, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याच्या, गंज्या अलीकडे, मधे फेसाळतं पाणी. त्याच दिवशी अण्णांची जीप आली. काठावर येऊन त्यांनी आधी गंज्या बघितल्या, मग पलीकडचं टेक.

मग म्हणाले, "इमान न्हाय. दोर हाय."

पाखरं हाकायची गोफण तानाक्कानं कमरेची काढली. दगडाला सुतळी बांधून फिरवली. दोन दगड पाण्यात गेले. तिसरा थेट सिदाप्पाच्या पायाशी पडला! सुतळीमागून त्यानं जाड दोर ओढून घेतला आणि टेकावरच्या जांभळीला बांधला. अलीकडे आम्ही तो उंच आंब्याला ताणला, त्यात विहिरीची कप्पी अडकवली आणि ती परत ओढून घ्यायला तिला सुतळी बांधली. पिंजर बांधायला मोठं कापड हवं होतं. अण्णांनी जीपमधून पडदा काढला.

"अण्णा, सरकारी पडदा! साहेबांना काय सांगाल?"

"पिक्चर दावत हुतो म्हणून सांगीन, बाई."

पहिली झोळी पाण्यावरून डुलत गेली तेव्हा कुणी श्वास घेतला नाही. ती पलीकडे टेकली आणि गाव असं ओरडलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातल्याच एका झोळीतून सिदाप्पाची भाकरी गेली. बसलेली गाय संध्याकाळच्या आत उठली. दोन दिवसांनी पाणी उतरलं आणि चौदाच्या चौदा जनावरं स्वतःच्या पायांनी घरी आली.

फाटक्या पडद्याबद्दल अण्णांना खुलासा द्यावा लागला, आणि दिवाळीआधी त्यांची बदली झाली. निरोपाला अख्खं गाव बसपर्यंत चालत आलं. नंतर आमची भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी मृगाच्या आधी मी त्या गावी गेले. गावानं आपणहून नदीवर नवा दोर ताणला होता, टेकावर माच बांधून त्यावर पिंजर रचली होती. तानाक्कानं मला हाताला धरून काठावर नेलं.

"बघा बाई," ती म्हणाली, "आता कितीबी येऊ दे पाणी."