श्रीपतीचा वाजता गाडा

श्रीपती ओव्हाळाची बायको चिमाबाई गेली, तेव्हा श्रीपतीला रडू आलं नाही. पाहुणे आले, भन्तेजी आले, वंदना झाली, एकुलती एक लेक रेणुका रडून रडून घोगरी झाली. हा गडी मात्र मांडवाच्या मेढीला टेकून बसला तो बसलाच. कुणी चहा दिला की पिला, कुणी ऊठ म्हणालं की उठला. लोक म्हणाले, धक्का बसलाय, होईल हळूहळू ठीक. कशाचं काय! पावसाळा उलटला, थंडी उलटली, तरी ह्याचं आपलं तेच. वाईट वाटतं का विचारलं तर म्हणायचा, "काय कळत न्हाई बगा." आणि ते खोटं नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

आता हा श्रीपती कोण, ते सांगतो. गाव आपल्या लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही. उगाच कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि मला त्याच वाटेनं रोज जायचंय. श्रीपती रेल्वेत फिटर होता. रिटायर झालेली माणसं पारावर बसून राजकारण चघळतात. ह्यानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडा बांधला. खाली चार सायकलची चाकं, वर लाटण्यासारखा पण चांगला जाडजूड लाकडी रूळ, आणि रुळाला खुंट्या. बाजूचा दांडा फिरवला की साखळी ओढली जायची, रूळ फिरायचा, खुंट्या टिपऱ्यांना उचलून सोडून द्यायच्या. त्या टिपऱ्या पडायच्या ताशावर, पितळी थाळ्यांवर आणि मधोमध बसवलेल्या हलगीवर. खुंट्या काढून दुसऱ्या भोकांत ठोकल्या की ठेका बदलला. वीज नाही, स्पीकर नाही. माणसानं फिरवायचं आणि गाड्यानं वाजायचं, संपलं.

हा गाडा टेम्पोत घालून नवरा-बायको कुठं कुठं गेली म्हणून सांगू! लोणावळ्यात जयंतीला, कुरवंड्यात शाळेच्या गॅदरिंगला, खंडाळ्याला गणपतीच्या मंडपात. श्रीपती तोंडानं मुका, बोलायचं सगळं खातं चिमाबाईकडं. ती पदर खोचून उभी राहायची आणि ओरडायची, "या गं बायांनो! लाजताय कशापायी? तुमाला काय बगायला पावणं आल्यात व्हय?" की बाया खिदळत पुढं. नऊवारीतली म्हातारी, बंदोबस्ताचा हवालदार, बंगल्यावरचा वॉचमन, ज्याच्या मनाला येईल त्यानं दांडा धरावा. हळू फिरवला की डुलत डुलत वाजायचं, जोरात फिरवला की नुसता धुमाकूळ. एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं तिथं दांड्यासाठी रांग लावून उभी राहायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. फक्त एक नेम होता. चारचौघांत श्रीपती स्वतः दांड्याला हात लावायचा नाही. शेडमध्ये ठेका बसवताना कितीदाही फिरवेल, पण लोकांत, नाव नको.

त्याला कारण त्याचा बाप, गेणू. ह्यांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या गावची हलगी होती. देवाची पालखी निघाली की पुढं हलगी ह्यांनी वाजवायची, आणि वाजवून झालं की लांब जाऊन उभं राहायचं. वर गाव त्याला 'मान' म्हणायचं! छप्पन साली ह्या घरानं धम्म घेतला आणि गेणूनं हलगी चावडीवर नेऊन ठेवली. गावानं त्याला मजुरीला बोलवायचं बंद केलं. घरात चूल पेटेना. शेवटी त्यानं रेल्वेच्या गँगमध्ये खडी वाहिली, पण हलगीला पुन्हा शिवला नाही. श्रीपतीची पंचाईत अशी की त्याला तो आवाज फार आवडायचा. बापाचा शब्द मोडवत नव्हता आणि आवाज सोडवत नव्हता, म्हणून हा गाडा. हलगी वाजेल, पण ठरलेल्या घराच्या हातानं वाजणार नाही. पुढं येईल तो वाजवेल.

चैत्रात गावची यात्रा आली. दुपारच्याला बाजीराव श्रीपतीच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. बाजीराव यात्रा कमिटीचा म्होरक्या, श्रीपतीच्या शाळेतला. माणूस वाईट नाही हो, अडीअडचणीला धावणारा आहे, पण जग म्हणजे आपलं अंगण अशी त्याची समजूत. त्याच्या हातात नारळ होता. आमच्याकडं यात्रेचा नारळ हातात घेतला की शब्द दिला, मग लिहायला नको न्‌ सही नको. ह्याआधीही हा नारळ त्या दारात आला होता. दर वेळी चिमाबाई उंबऱ्यातूनच म्हणायची, "नारळ ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, भाऊ. बसा, च्या घ्या. पालखीपुढचं आमाला न्हाई जमायचं." झालं, चहा पिऊन बाजीराव परत.

ह्या वेळी उंबऱ्यात कुणी नव्हतं. बाजीरावानं नारळ पुढं केला आणि श्रीपतीनं धरला. धर म्हटलं की धरायचं, तसा.

"औंदा पालखीपुढं तुजा गाडा," बाजीराव खूश होऊन म्हणाला. "आन फिरवायचा तूच, बरं का. तुमच्या घराचा मान हाय त्यो. गाव इसरलं न्हाई अजून."

"बरं," श्रीपती म्हणाला.

रेणुका खंडाळ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. संध्याकाळी ड्यूटीवरून आली आणि फळीवरचा नारळ बघून दारातच थबकली.

"आबा, हा कुणी दिला?"

"बाजीरावानं. पालखीपुढं गाडा फिरवायचाय."

"कोणी फिरवायचा?"

"मी."

ती पर्ससकट खाली बसली. "आजोबांनी उपाशी राहून जे सोडलं, ते तुम्ही एका नारळावर परत घरात आणलंत? उद्या नेऊन द्या तो."

"शब्द गेला आता."

"आई असती तर..."

"न्हाई ना ती," श्रीपती म्हणाला. आवाज अगदी सपाट. "मला कायच वाटंना झालंय, रेणू. फिरवला काय न्‌ न्हाई फिरवला काय."

रेणुकाला भीती वाटली. बाप चिडला असता तर ती कडाकडा भांडली असती, पण ह्या असल्या माणसाशी भांडायचं तरी काय? "मी येणार नाही बघायला," एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी आदळत राहिली. श्रीपती ऐकत होता. भांडी वाजतायत, एवढंच त्याला कळत होतं.

यात्रेच्या दिवशी ऊन कलतं झालं तशी पालखी देवळातून बाहेर आली. गुलाल उधळला, पोरांनी मोबाईल वर धरले. पालखीच्या पुढं गाडा, गाड्याशी श्रीपती. बाजीराव फेटा बांधून आला होता, घामानं नुसता निथळत होता.

"हां, श्रीपती, हू दे सुरू!"

श्रीपतीनं दांडा धरला. मनात म्हणाला, एकदा तिठ्यापर्यंत फिरवू आणि घरी जाऊन पडू. बाप आठवला, पण तो कुणा दुसऱ्याचा बाप असल्यासारखा लांबून आठवला. काही वाटेना. एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं घुसली, गावातलीच, सगळ्यांची मावशी. तिनं हसत हात पुढं केला. "आरं श्रीपती, मला दे की! खंडाळ्याच्या गणपतीला मी फिरवलता, लय मजा आलती."

श्रीपती बाजूला सरणार, तोच बाजीरावानं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. रागानं नाही, अगदी प्रेमानं. "अगं मावशे, हो मागं! हितं आपण हात न्हाई लावायचा. त्येंचं काम हाय ते, त्येंनीच करायचं."

लोक हसले. मावशी पण हसली आणि मागं झाली.

श्रीपतीची कानशिलं तापली. आधी त्याला वाटलं, उन्हानं चक्कर येतीय. मग कळलं, हा राग आहे. त्यानं दांडा सोडला.

"बाजीराव, ह्यो मान हाय म्हन्लास न्हवं?"

"व्हय की! लय मोठा मान."

"मंग तू घे. धर दांडा."

बाजीराव हसला. मग श्रीपतीचं तोंड बघून त्याचं हसू आटलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. कमिटी उभी होती, भावकी उभी होती. "मी? आरं, आमी कसं... आमी न्हाई वाजवत."

"खंडाळ्याला वाजवलास की. चिमीनं हाताला धरून आणला हुता तुला. सोडीना झालतास."

"त्ये निराळं, गड्या. त्यो बाहेरगावचा गणपती. हितं आपला देव हाय, सगळं गाव हाय."

"आरं, मान असता," श्रीपती म्हणाला, "तर तुमी त्यो आमच्याकडं ठिवला असता व्हय?"

पालखीचे भोई खांदा बदलायचे थांबले. श्रीपती वाट बघत उभा राहिला. खरंच बघत होता हो, मनापासून. बाजीरावाचा हात नुसता हलला असता तरी त्यानं स्वतः खुंट्या नीट बसवून दिल्या असत्या. बाजीरावानं फेटा सावरला, खाली बघितलं, आणि हात पाठीमागं नेला.

श्रीपतीनं खिशातला पाना काढला, साखळी सैल केली आणि उतरवून खांद्यावर टाकली. सदऱ्याला ग्रीस लागलं. "नारळ सकाळी घरपोच करतो," म्हणाला आणि गाडा ढकलत निघाला. माणसं आपसूक बाजूला झाली. मागून कुणी शिट्टी मारली, कुणी शिवी हासडली, मग कुणीतरी स्पीकर लावला आणि पालखी हलली.

वस्तीकडं जायला चढ आहे. श्रीपती घामाघूम होऊन गाडा ढकलत होता आणि एकटाच बडबडत होता. अंगाची नुसती लाही होत होती, आणि त्या लाहीच्या तळाशी कितीतरी दिवसांनी थोडा आनंदही होता. कधी एकदा घर गाठतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो, असं त्याला झालं होतं. अंगणात आल्या आल्या त्यानं गाडा सोडला आणि दाराकडं बघून ओरडला, "चिमे! ए चिमे! भाईर ये आदी! बाजीरावाचं थोबाड बगायला पायजे हुतंस तू!"

दारात रेणुका आली.

श्रीपती तिच्याकडं बघतच राहिला. मग गाड्याच्या चाकाशी मटकन बसला, आणि "चिमी गेली गं, रेणू, तुजी आई गेली," असं आत्ताच खबर आल्यासारखं सांगत मोठमोठ्यानं रडायला लागला.