तिसऱ्या रविवारची हरकत

आमच्या मंडळीत, म्हंजे चर्चात, लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचत्यात. वाचून झाली की पाळक, म्हंजे आमचं पाद्री, इचारत्यात, "कुनाची हरकत हाय का?" माझ्या उभ्या जन्मात कुनी तोंड उघडलं न्हवतं. पहिली हरकत आमच्या घरातनं आली. कुनाला झोंबत आसंल तर झोंबू दे.

ती घेनारी सोनिया. माझ्या मेल्याल्या भैनीचं लेकरू. पोरगा म्हनून बाप्तिस्म्याला नाव दिलं शमुवेल, पन पाच वर्सांची व्हती तवापास्नं माझं लुगडं गुंडाळून फिरायची. फटके दिले, उपास धरले, प्रार्थनावाले बोलवून भूत काढलं. तीन दिस तिला पानीबी दिलं न्हाई. मी शेजारी बसून बघत व्हते. जळलं मेलं माझं तोंड!

फुडं ती साताऱ्यात पोलकी शिवाय लागली, सोनिया हे नाव तिनं तिथंच घेतलं. प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर तिच्याच हातची. चादर चालती, शिवनारी चालत न्हाई.

आकाराम म्हंजे आमच्या मंडळीचा वडील, पंच म्हना. त्येचं एकच पालुपद, "देवानं बाप्या आन् बाई दोनच केली. मधलं काय केलं न्हाई."

"आवं, मग हिला कुनी केली? तुमी?" मी इचारलं.

त्येवढ्यानं गप बसंल तर आकाराम कसला! सांगलीची क्रांती नावाची पोरगी त्येनं हुडकली. बिनबापाची, गरिबाघरची. म्हनला, "लगीन लावा, आपोआप बाप्या हुईल. न्हाईतर मंडळीच्या वहीतनं नाव काढतो. मेल्यावर आईशेजारी मातीबी मिळायची न्हाई." सोनियाला तीच जागा पायजे व्हती. तिनं केस कापले, पँट घातली, व्हय म्हनली.

पहिल्या रविवारी नावं वाचली, सगळी गप. दुसऱ्या रविवारी बी गप. मीबी गपच.

मंगळवारी क्रांतीचा फोन आला. सोनिया फोन ठिऊन जी रडाय लागली!

"मावशी, ती इचारत व्हती, पांढऱ्या साडीला काठ कुठल्या रंगाचा घिऊ, तुमाला कुठला आवडतो? लय चांगली पोरगी हाय गं ती."

तिसऱ्या रविवारी पाळकांनी इचारलं, तशी बाप्यांच्या बाजूनं सोनिया उठली.

"माझी हाय."

आकाराम तडकला. "खाली बस! नवऱ्याला हरकत घ्यायची सोय न्हाई!"

"मी नवरा न्हवं, म्हनून तर घेतीया. त्या पोरीला नवरा पायजे. तिला फसवून मला आईशेजारची माती नको."

कोन हसलं, कोन घान बोललं. दोघांनी तिला दंडाला धरून बाकावरनं ढकललं. ती मधल्या वाटंत उभी. हिकडं बाया, तिकडं बाप्ये, मधी ती. मी वरडले, "सोनिया, हिकडं ये!" भर मंडळीत त्या नावानं मी पैल्यांदाच हाक मारली. ती माझ्याशेजारी यिऊन बसली, तशा बाकावरच्या बाया पदर आवरून उठल्या. बसा म्हनलं तिकडं, शुद्ध बयांनो!

लगीन मोडलं. क्रांतीच्या आईनं फोनवर शिव्या घातल्या, त्या मी मुकाट ऐकल्या. त्या खऱ्याच व्हत्या. आमा दोघींची नावं काढली. तरी आमी दर रविवारी जातो. प्रभुभोजनाचा प्याला आमच्या बाकाला वळसा घालून जातो, तिच्याच चादरीवरनं उचलल्याला.

उपासना सपली की आकाराम वहीत लिवायला डोकी मोजतो, बाप्ये किती, बाया किती. आमच्या बाकापाशी येतो आन् म्हनतो, "बाई एक."

मी जागेवरनं वरडते, "दोघी!"