मावशीने खोडलेलं बरोबर उत्तर

दहावीच्या बीजगणितात तुम्ही डझनावारी बापलेकांची वयं काढली असतील. त्यातला एक तरी बाप कुठल्या गावचा होता, हे तुम्ही कधी विचारलंत का? माझ्या थोरल्या मावशीने विचारलं. नगर जिल्ह्यात, आणि माझं ऐकाल तर अख्ख्या महाराष्ट्रात, अस्तित्वातच नसलेल्या माणसासाठी समीकरण मांडायला नकार देणारी ती एकटीच विद्यार्थिनी असावी. पहिल्या दिवशी मी तिला पुस्तकातलं उदाहरण वाचून दाखवलं, की वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. तिने पेन खाली ठेवलं.

"कोन वडील?"

"असेच कोणीतरी, मावशी. उदाहरणातले."

"नाव न्हाई, गाव न्हाई, आन् मी त्याचं वय काढत बसू? इथं ज्यांची नावं म्हाईत हायेत, त्यांचीच वयं कुनाला धड म्हाईत न्हाईत."

मावशीने चाळिशी कधीच ओलांडली आहे. राहुरीहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात ती अंगणवाडीची मदतनीस आहे. म्हणजे घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची आणि सेविकाबाई गाणं शिकवत असताना मागच्या रांगेतली मारामारी सोडवायची. या सेविकाबाई काही वर्षांनी निवृत्त होणार आहेत आणि त्यांच्या जागेवर आपण बसावं, ही मावशीची एकच इच्छा. त्यासाठी आधी दहावी हवी, मग बारावी. आणि मावशीची शाळा सातवीतच सुटलेली. आजी-आजोबा दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. वयात आलेली पोर मागे एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचं लग्न लावून दिलं. माझी आई धाकटी. तिच्या वेळेपर्यंत जवळ मुलींचं वसतिगृह निघालं होतं. दोन सख्ख्या बहिणींच्या आयुष्यात जो काही फरक आहे तो एका वसतिगृहाचा आहे. हे वाक्य मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकातून कोणी ना कोणी लांबलं म्हणून काढून टाकतं, तेव्हा ते इथे घालून घेते.

माझं बालपणच पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी मागण्यांचे कागद आले आणि बाराखडी मी "जाहीर निषेध" या शब्दांवरून गिरवली. साहजिकच मावशीने बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा दर रविवारी तिला शिकवायला जायचं काम मी अंगावर घेतलं, आणि पहिल्या तासाची सुरुवात स्त्रीशिक्षणावरच्या भाषणाने केली. मावशी मेथी निवडत सगळं ऐकून घेत होती. मी थांबल्यावर ती म्हणाली, "चांगलं बोललीस. आता क्ष म्हंजी काय त्ये सांग."

क्ष म्हणजे काय हे तिला माझ्याकडून कळलं नाही. ते काकांच्या रसवंतीवर कळलं. काका म्हणजे मावशीचे यजमान. शिंगणापूरच्या रस्त्यावर त्यांचं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. घुंगरू बांधलेला बैल घाण्याभोवती फिरतो आणि भाविक बाकावर बसून रस पितात. मावशीने ठरवलं, की ऊस म्हणजे क्ष आणि रस म्हणजे य. मग ती कांडकं कांडकं मोजून घाण्यात घालायला लागली आणि प्रत्येक वेळी भांड्यातल्या रसाची उंची पट्टीने बघायला लागली. गिऱ्हाईक ताटकळत उभं, काका हात जोडून उभे, बैलही उभा. दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं, की घाण्यात ऊस न घालताही भांड्यात काहीतरी असतंच. काका तळाशी आधी बर्फ टाकून ठेवत होते. पुस्तकातलं जे स्थिर पद मला आठवीपासून कधी नीट उमगलं नव्हतं, ते तिला त्या भांड्याच्या तळाशी सापडलं. मात्र त्या आनंदात ती बर्फाला हातच लावू देईना. "काकू, मला बर्फ कमी," असं एका पाहुण्याने म्हटल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "बर्फ स्थिर हाय. त्यो कमी-जास्त व्हत न्हाई. ऊस बोला."

"हिला घरी ने," काका मला बाजूला घेऊन म्हणाले. "लई हुशार झाली तर माझं गिऱ्हाईक कोल्हारात जाऊन रस पिईल."

तिचा आलेखही कागदावर कधी निघाला नाही. तिने अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली, उंबऱ्याकडची ओळ क्षची आणि तुळशीकडची यची ठरवली आणि कुंपणावरच्या दोडक्याच्या वेलाची उंची रोज सकाळी मोजून एकेका ठिपक्यावर हळदीचं बोट टेकवायला लागली. वेल सरळ वाढत होता, हळदीची रेष सरळ जात होती आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की दिवाळीला हा वेल पाण्याच्या टाकीवर चढलेला असेल. लोक टाकीकडे बघायचे, वेलाकडे बघायचे आणि मान डोलवायचे. एका सकाळी शेजाऱ्यांची शेळी आली आणि बुंध्यापर्यंत सगळं खाऊन गेली. दुसरी कोणी असती तर तिने आलेख पुसून टाकला असता. मावशीने जमिनीलगतच्या ठिपक्यावर हळद टेकवली, शेजारी शेळीची दोन शिंगं काढली आणि मला म्हणाली, "झालं त्ये झालं. खोटी रेष मी काडनार न्हाई." शेजाऱ्यांशी तिने त्यावरून भांडणही केलं, पण ते शेळीने वेल खाल्ल्याचं नव्हतं. शेळी नेमकी किती वाजता आली, हे ते सांगत नव्हते म्हणून होतं.

वयाच्या उदाहरणांसाठी तिने खरी माणसं गाठायला सुरुवात केली आणि तिथे सगळा घोळ झाला. आमच्याकडे एका पिढीला शाळेत घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, म्हणून गुरुजींनी सरसकट एक जून लिहून टाकली. मावशीने विचारलेला जो तो एक जूनला जन्मलेला निघाला. काका एक जून, मावशी स्वतः एक जून, गावचे दोन्ही दूधवाले एक जून. "पुस्तकात वरचे म्हैने का उरत्यात?" ती म्हणाली. "आमच्या गावात समदी वजाबाकी बिनशेषाची हुती." ज्या शाळेतच गेल्या नव्हत्या, त्यांचं तर आणखी अवघड. शेजारच्या म्हातारीला तिने वय विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मुळा धरनाचं काम चालू झालं तवा मी परकर नेसत हुते." मावशीने घरी येऊन मांडलं, की आजीचं वय बरोबर धरणाचं वय अधिक परकर, आणि परकराची किंमत काढायला ती पुन्हा म्हातारीकडे गेली. म्हातारीने तिला पिटाळून लावलं.

पुस्तकातलं एकच वाक्य मावशीला मनापासून आवडलं. वर्गसमीकरणातून कधी कधी दोन उत्तरं निघतात, एक धन आणि एक ऋण; आणि मग पुस्तक शांतपणे म्हणतं, परंतु वय ऋण असू शकत नाही, म्हणून हे उत्तर त्याज्य. हे वाचल्यावर तिने ते मला पुन्हा वाचायला लावलं. "म्हंजी गनितानं काडलं तरी खरं न्हाई त्ये सोडून द्यायचं?" मी हो म्हटलं. "ह्ये झ्याक हाय," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिने कितीतरी गोष्टी त्याज्य ठरवल्या. काकांनी मंगळवारी सांगितलेली सबब त्याज्य, टीव्हीवरची बातमी त्याज्य, माझं एक अख्खं पत्रक त्याज्य. त्यात मी "लाखोंचा जनसागर" लिहिलं होतं आणि त्या मोर्चात मावशी स्वतः भाकरी वाटायला आली होती.

या मार्चमध्ये राहुरीला तिचा बीजगणिताचा पेपर होता. मी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. वर्षभर नातीच्या वयाच्या मुलींची पुस्तकं मागून आणून ती पहाटे अभ्यास करत होती, आणि भूमितीशी तिचं कधी जमलं नसल्याने गणितात सगळी भिस्त बीजगणितावर होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसलो.

"कसा गेला?"

"आई आन् लेकीचं गनित आलं हुतं," ती म्हणाली. "दोघींच्या वयाची बेरीज चौतीस. चार वर्सांनी आईचं वय लेकीच्या दुप्पट."

मी तिथल्या तिथे तोंडी सोडवलं. "आई चोवीस, मुलगी दहा. बरोबर?"

"त्येच आलं. ताळा बी जमला."

"मग?"

"मंग मी वजाबाकी केली." ती पदराच्या टोकाला पीळ देत होती. "चोवीसातनं धा गेले. आगं, चौदा. चौदाव्या वर्सी पोर झालं त्या बाईला. मला वाटलं माझंच चुकलं. परत मांडलं, परत त्येच. आनखी एकदा केलं. तेवढ्यात पुढची गनितं ऱ्हायली."

"पण तू उत्तर लिहिलंस ना?"

"लिहिलं. मंग खोडलं. खाली लिहिलं, परंतु आई चौदा वर्षांची असू शकत नाही, म्हणून हे उत्तर त्याज्य."

आयुष्यभर मी निषेध छापत आले, पण उत्तरपत्रिकेत निषेध नोंदवणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. अभिमानही वाटला आणि रडूही आलं. मी चिडून म्हणाले, "मावशी, ते नुसतं गणित होतं. ती बाई खरी नव्हती."

"आमच्या अंगनवाडीत आसं उत्तर आलं आसतं तर सेविकाबाईंना वर कळवावं लागलं आसतं," ती म्हणाली. "पोलीस आले आसते. आन् पेपरात आलं की त्याला मार्क?" मग समोरच्या एसटीत चढणाऱ्या मुलींकडे बघत ती म्हणाली, "आसं हुतं, म्हाईत हाय मला. मला न्हाई तर कुनाला म्हाईत आसनार? पर माझ्या हातानं बरूबर म्हनून लिहू का?"

मी मनात मावशीच्या वयातून तिच्या मुलीचं वय वजा केलं. ही माझी मावसबहीण आज पुण्यात नर्स आहे, तिच्या पोरीही शाळेत जातात. मी तिला लहानपणापासून ताई म्हणते आणि हे उत्तर मी कधीच काढलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही. मावशीची जन्मतारीख एक जून आहे, त्यामुळे त्यात थोडी चूक असू शकते. फार नाही.

निकाल लागला तेव्हा बाकी सगळ्या विषयांत मावशी पास होती आणि गणितात थोडक्यासाठी गेली होती. काका त्या दिवशी रसवंती बंद ठेवून घरी बसले. त्यांनी चहा केला, तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला आदी मार्क घे, मंग काय भांडायचं त्ये भांड. मी बी येतो भांडायला." मावशी हसली. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरला आहे. दोडक्याचा नवा वेल लावला आहे, शेळी आत येऊ नये म्हणून कुंपणाला काट्या लावल्या आहेत, आणि मला शब्द दिला आहे की असं गणित पुन्हा आलं तर उत्तर खोडणार नाही. उत्तर तसंच ठेवील आणि त्याच्याखाली आपलं वाक्य लिहील. मला ही तडजोड वाटते. पण तिकडे सेविकाबाईंची निवृत्ती जवळ येत चालली आहे, बारावी अजून पुढे आहे, आणि मधला काळ काही क्ष म्हणून बाजूला ठेवता येत नाही. हल्ली रविवारी मी गेले की ती स्वतःच वही पुढे ओढते आणि न विचारता खोट्या माणसांची वयं काढायला लागते, मुकाट्याने, एकामागून एक. तिचं हे शहाण्यासारखं वागणं मला बघवत नाही.

हे वाचणाऱ्यांत गणिताचे शिक्षक असतील, सराव पुस्तकं लिहिणारे असतील, कोणी पेपरही काढत असेल. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मायलेकींचं उदाहरण तयार केलंत, की ते छापायला देण्याआधी उत्तरातल्या आईच्या वयातून मुलीचं वय एकदा वजा करून बघा; आणि बाकी अठराच्या आत आली, तर दोन्ही आकडे बदला.