जा म्हणायला कुणी नव्हतं

बुलढाण्यातलं आमचं घर म्हणजे संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या तीन खोल्या. अठरा वर्षं झाली की बालगृह सोडावं लागतं. ज्या मुलींना जायला घरच नाही, त्या इथे राहून काम शिकतात आणि स्वतःचं बघायला लागल्या की निघतात. मी त्यांची मावशी. माझी जीभ तिखट, हे साऱ्या गल्लीला माहीत.

तेव्हा तिघी होत्या. दोघी दवाखान्यात कामाला, सातलाच बाहेर पडायच्या. तिसरी नवीन, एका शिलाई मास्तरांच्या दुकानात लागलेली. एकदा मी बहिणीचं दुखणं काढायला धाड गावी तीन दिवस गेले. शनिवारी बसमधून उतरते न उतरते तोच मास्तरांचा फोन.

"बाई, पोरीचा हात चांगला है. पन तीन दिवस पत्ताच नाही. सोमवारी दहाले आली त ठीक, नाही त मी दुसरी पाहतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरातरा घरी आले. ही दाराजवळ बसलेली. केस विंचरलेले, इस्त्रीचा ड्रेस, खांद्याला पिशवी, शेजारी रिकामा डबा.

"कामाले काऊन गेली नाही वं?"

"कोनं जाय म्हनलंच नाही, मावशी."

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. पण ती घाबरून माझ्याकडे बघत होती. तिन्ही दिवस ती अशीच तयार होऊन बसली होती. दुपारी तिथंच डबा खायची. संध्याकाळी दोघी परतायच्या तेव्हा ही घरात असायची. त्यांना वाटायचं, आली असेल कामावरून. बालगृहात बारा वर्षं ती घंटेवर उठली होती, घंटेवर जेवली होती. आपल्या मनानं उठून कुठं जायचं, हे तिच्या गावीच नव्हतं.

मी हबकून तिथंच बसले. बालगृहाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. आणि मग सुचलं, रोज साडेनवाला "चाल, निघ आता!" म्हणून कोण ओरडतं? मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन महिने मी हिला वळण लावतेय म्हणून मिरवत होते. मला स्वतःची लाज वाटली, भीतीसुद्धा.

रविवारी तिला सांगितलं, "उद्या मी काही बोलनार नाही. काम तुयं, घड्याळ तुयं."

"हाव," ती म्हणाली.

सोमवारी मी मेथी निवडत बसले. साडेनऊ झाले. ती पिशवी घेऊन बसलेली, नजर माझ्या तोंडाकडे. पावणेदहा. दुकान दहा मिनिटांवर. मी जीभ दाताखाली धरली. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मावशी, जाऊ?"

मी मान खाली घातली. चांगल्या काड्याही कचऱ्यात टाकत राहिले. शेवटी मला राहवेना. "जाय" म्हणायला तोंड उघडलं, तर उंबऱ्यात कुणीच नव्हतं.