कोण कशासाठी खेळतं

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात कोणी पोरगं मोबाइलवर खेळताना दिसलं, की इंगळे मॅडम त्याच्याशेजारी जाऊन बसत. रागवायला नव्हे. "खेळ बे, खेळ. मी फक्त पाहून राह्यली." पोरगं घाबरून फोन खिशात घाली, तेव्हा त्यांनाच वाईट वाटे.

मॅडम माझ्याबरोबरच संगणकशास्त्र शिकवत. त्यांच्या पीएच.डी.चा विषयच तो होता: खेळाच्या नोंदींवरून माणूस कशासाठी खेळतो ते ओळखायचं. जिंकायला, वेळ घालवायला, की दोस्तांसाठी? मुलांनी आपखुशीने नोंदी दिल्या होत्या. मॅडमना दिसायची ती फक्त खेळातली टोपणनावं.

बीटी बियाणं असूनही बोंडअळीने कपाशी पोखरली, त्या हिवाळ्यात 'चांदणी' नावापाशी त्या अडल्या. चांदणी रोज यायची, सुरुवातीला सगळे जमून गप्पा मारतात त्या मैदानात थांबायची आणि लढाई सुरू झाली की बाहेर पडायची. पुन्हा यायची, पुन्हा तेच. संगणकाचा अंदाज आला: खेळावरून मन उडालं, लवकरच सोडेल.

"मन उडालं, तं येते काऊन?" मॅडम मला म्हणाल्या. "हे माणसांसाठी येते, सर."

मग पन्नाशीच्या मॅडम स्वतः तो खेळ शिकल्या. पहिल्याच डावात लगेच मेल्या आणि स्टाफरूममध्ये पोट धरून हसल्या. एका दुपारी मैदानात चांदणी दिसली. मॅडमनी फोन तोंडाशी धरला.

"चांदणी, कोण व्हय वं तू? मी इंगळे मॅडम."

फोनमधून बारीक आवाज आला, "मॅडम, मी रुबिना. धाडची."

रुबिना दिवाळीनंतर वर्गात आलीच नव्हती. कपाशी गेली, कॉलेज सुटलं. भावाच्या फोनवर ती मैत्रिणींचे आवाज ऐकायला येत होती.

रविवारी मॅडम आणि मी एसटीनं धाड गावी गेलो. तिच्या अब्बांनी खाटेवर बसवलं, चहा दिला.

"पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये. पण मॅडम, यंदा कशाच्या भरवशावर पाठवू?"

"माह्या भरवशावर पाठवा, भाऊ. पोरगी माह्या घरी राहीन. मी आन् आई, दोघीच तं आहो."

अब्बांनी लेकीकडे पाहिलं. "जाशीन?"

रुबिना रडत रडतच पुस्तकं गोळा करायला लागली.

पदवी होईपर्यंत ती मॅडमकडे राहिली. मॅडमच्या आईला ती रोज पेपर वाचून दाखवी, आणि आजी तिला गरम भाकर वाढी.

मॅडम आता नाहीत. मला त्या आठवतात त्यांच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशीच्या. रुबिना आणि मी मागच्या बाकावर होतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "या 'चांदणी'बाबत तुमचा अंदाज साफ चुकला. तो दुरुस्त कसा केलात?"

अगदी प्रमाण मराठीत बोलायचं, असं मॅडम घरून ठरवून आल्या होत्या. ते त्या विसरल्या.

"दुरुस्त नाही केला, सर," त्या म्हणाल्या. "तिलेच विचारलं."