जुनं बेअरिंग घरी आणलं आणि डोक्याला ताप झाला

मंडळी, आज मला येडा बनवलं का, तुम्हीच सांगा.

गाडी वळवली की पुढच्या चाकातून खरखर यायची. अंबरनाथ पूर्वेच्या एका गॅरेजवाल्याने चाक हलवून बघितलं. "बेअरिंग गेलंय साहेब. बदलतो, तोवर चहा पिऊन या."

मी गेलो. तिथेच चुकलं. परत आलो तर सगळं फिट करून झालेलं. तरी हट्टाने जुनं बेअरिंग मागून घेतलं.

घरी बायकोने ते हातात धरून फिरवलं. "अहो, हे तर मस्त फिरतंय! मग खरखरत काय होतं?"

लगेच गॅरेजवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणतो, "साहेब, गाडीचा आवाज गेला ना?"

गेलाय हो. आता भांडू तरी कशावरून?